झोंगरीला दोन रात्री कशासाठी?

गेल्या अंकात मी सिक्कीममधल्या कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानातल्या गोएचा ला (ला म्हणजे खिंड) या वाटेबद्दल लिहिलं होतं. युक्सोम गावातून निघायचं, जंगलातून साचेन आणि छोका, मग झोंगरीचं पठार, प्रेक चू नदीच्या खोऱ्यातून थानसिंग, लामुने, समिती सरोवर आणि तिथून वर कांचनजंगासमोरचा सडा, म्हणजेच व्ह्यू पॉइंट, अशी ती वाट. त्यावर पुष्कळ पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतेय. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण जवळजवळ प्रत्येक पत्रात तोच प्रश्न कुठे ना कुठे डोकावतो.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र, वयं ४४ ते ५१. सह्याद्रीतच वाढलो, राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग झालेत. घर ते घर ११ दिवसांची रजा आहे. जायला दोन आणि यायला दोन दिवस वजा करून उरलेल्या सातांत असा आराखडा केलाय : पहिल्या दिवशी युक्सोमहून थेट छोका, दुसऱ्या दिवशी झोंगरी, तिसऱ्या दिवशी थानसिंग, चौथ्या दिवशी लामुने, पाचव्या पहाटे व्ह्यू पॉइंट करून कोकचुरांग, सहाव्या दिवशी छोका, सातव्या दिवशी युक्सोम. रोजची चाल फार तर १६ किलोमीटर. एवढं तर आम्ही राजगड-तोरण्याला एका दिवसात चालतो. ताई, काही सुचवाल का? (सांगली)

तुमच्या पायांबद्दल मला जराही शंका नाही. आराखडा मात्र परत पाठवतेय, कारण तो किलोमीटरमध्ये लिहिलाय.

एक कोरा कागद घ्या. त्यावर फक्त रात्री झोपायच्या जागा आणि त्यांची उंची एकाखाली एक लिहा. युक्सोम सुमारे १,७८० मीटर. छोका ३,०००. झोंगरी ४,०२०. थानसिंग ३,९३०. लामुने ४,१८०. आता तोच कागद पुन्हा वाचा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे युक्सोमला ज्या घरात तुम्ही संध्याकाळचा चहा घ्याल, ते घरच महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा उंचावर आहे. सह्याद्रीने तुम्हाला पाय दिले, दम दिला, उतारावर गुडघा कसा सांभाळायचा ते शिकवलं. उंचीची सवय तो देऊ शकत नाही, कारण त्याच्याकडे तेवढी उंचीच नाही.

उंचीच्या आजारावर काम करणारे डॉक्टर सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जास्तीची रात्र त्याच उंचीवर काढावी. तुमच्या कागदावर छोका ते झोंगरी ही एकाच दिवसातली हजार मीटरची उडी आहे. म्हणजे दुप्पट. तुमचंच चुकलं असं नाही, ती वाटच तशी आहे. मधल्या फेदांगला तंबू टाकायचा म्हटलं तरी ते ३,७०० मीटरवर आहे, म्हणजे तीही सातशेची उडी. वाट आपल्याला बदलता येत नाही, त्यामुळे उडीच्या आधी आणि नंतर थांबायचं, एवढंच आपल्या हातात राहतं.

थांबल्याने काय होतं? झोंगरीला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण ६० टक्के असतो, तेव्हा प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. शरीर जोरात श्वास घेऊ लागतं. पण त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. हा लगाम सैल करायचं काम मूत्रपिंडं करतात, जास्तीची अल्कली लघवीवाटे काढून टाकून. त्याला दिवस लागतात. व्यायामाने ते काम लवकर होत नाही. जिद्दीने तर नाहीच.

आता झोंगरीबद्दलची ती गोष्ट, जी नकाशात नीट दिसत नाही. झोंगरीच्या पुढे थानसिंगला आपण थोडं खालीच झोपतो, म्हणून लोकांना वाटतं की अवघड भाग संपला. पण झोंगरीच्या पुढे गेलात की झटकन खाली उतरायची सोय संपते. लामुनेला कुणाची तब्येत बिघडली तर थानसिंगच्याही खालची जवळात जवळ जागा म्हणजे कोकचुरांग, ३,६९० मीटर, फक्त पाचशेने खाली. तिथून छोक्याला जाणारी वाट झोंगरी टाळून जाते खरी, पण ती डोंगराच्या कुशीतून वर-खाली करत फेदांगला पोचते आणि मग उतरते. आजारी माणसाला घेऊन तो अख्खा दिवस जातो. म्हणून झोंगरीला दोन रात्री. दुसऱ्या सकाळी चौघांचीही डोकी हलकी असतील, जेवण जात असेल, तरच पुढे. झोंगरी हा त्या वाटेवरचा शेवटचा असा मुक्काम आहे जिथे परतायचा निर्णय सोपा असतो.

माझा आराखडा असा : साचेन, छोका, छोक्यालाच आणखी एक रात्र, झोंगरी, झोंगरीला आणखी एक रात्र, थानसिंग, लामुने, मग व्ह्यू पॉइंट करून कोकचुरांग, छोका, युक्सोम. चालायचे-थांबायचे मिळून दहा दिवस. त्यावर एक दिवस पूर्ण मोकळा. छोक्याच्या थांबायच्या दिवशी झोपून राहू नका. फेदांगच्या दिशेने दोन तास चढा, बसा, चहा प्या आणि खाली येऊन झोपा. तिथे ओंडके आडवे टाकून केलेली वाट आहे, दोन्ही बाजूंना ऱ्होडोडेंड्रॉनची वाकडी खोडं, त्यांच्यावर हातभर लोंबणारं शेवाळ. ओंडके ओले असले की पाय ठेवताक्षणी सरकतो, म्हणून आधी टाच न टेकता अख्खं पाऊल एकदम सपाट ठेवायचं. वळणापलीकडून घंटा ऐकू आली की समजायचं, सामान लादलेले झो येताहेत. झो म्हणजे याक आणि गाय यांचा संकर. तेव्हा डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीही नाही. त्यांच्या पाठीवरचं ओझं दोन्हीकडे हातभर बाहेर आलेलं असतं आणि ते आपल्यासाठी वाट बदलत नाहीत.

मोकळा दिवस कशाला, तर रस्त्याला. सिलिगुडीहून युक्सोमला जाताना मेल्लीपर्यंत तिस्तेच्या काठाने जावं लागतं आणि तो महामार्ग दरडींनी वरचेवर बंद होतो. २०२३ च्या ऑक्टोबरात दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तिस्तेला महापूर आला तेव्हा रस्ते आणि पूल वाहून गेले होते. परतीचं विमान युक्सोमहून निघायच्या दिवशीच ठेवू नका. दिवस वाचलाच तर युक्सोममध्ये नोर्बुगांगला जा. १६४२ साली सिक्कीमच्या पहिल्या चोग्यालचा राज्याभिषेक झाला ते दगडी आसन तिथे मोठ्या झाडाखाली आहे.

पण तुमच्याकडे ११ दिवसच आहेत. मग माझं स्पष्ट मत : झोंगरी करा. साचेन, छोका, छोका, झोंगरी, पाचव्या पहाटे झोंगरी टॉपवर सूर्योदय पाहून परत छोका, सहाव्या दिवशी युक्सोम, सातवा मोकळा. बरोबर बसतं. हजाराची उडी यातही आहे, पण आधी छोक्याला दोन रात्री झालेल्या असतात आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही पुन्हा खाली असता. झोंगरी टॉपवरून कांचनजंगा आणि पांडिम ही दोन्ही शिखरं दिसतात. दिवस कमी पडले तर वाटेचं टोक कापा, मुक्काम कापू नका. आणि टोक राहिलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. याच कांचनजंगावर २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन पहिल्यांदा पोचले, तेव्हा सिक्कीमच्या चोग्यालला दिलेल्या शब्दाखातर ते माथ्याच्या काही फूट खाली थांबले. आजही बरेच गिर्यारोहक तो शब्द पाळतात.

प्रश्न : डायमॉक्स घेतली तर छोक्याचा किंवा झोंगरीचा जास्तीचा मुक्काम वाचेल का? आणि डोकं दुखलं तर साधी वेदनाशामक गोळी घेऊन चालत राहिलं तर चालतं का? (ठाणे)

दोन्हींचं उत्तर नाही.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. वर मूत्रपिंडांचं काम सांगितलं, ही गोळी नेमकं तेच काम लवकर करवून घेते. म्हणून ती मदत करते. पण ती मुक्कामाच्या जोडीला घ्यायची असते, त्याच्या ऐवजी नाही. ती घ्यायची की नाही, किती आणि कधीपासून, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते त्यांना आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. म्हणून पहिली गोळी घरी असताना घेऊन बघावी, तंबूत नाही.

वेदनाशामकाबद्दल मी जरा सविस्तर सांगते, कारण ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. २०१८ चा नोव्हेंबर. आमच्या गटात एक पन्नाशीचे गृहस्थ होते, सगळ्यांत तंदुरुस्त. छोका ते झोंगरी ते सगळ्यांच्या पुढे आले. रात्री जेवणाच्या तंबूत ताट हातात धरून बसले होते. डाळभात तसाच. मी विचारलं तर म्हणाले, चहा जास्त झाला. दुपारपासून त्यांनी डोकेदुखीच्या तीन गोळ्या घेतल्या होत्या आणि कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या सकाळी झोंगरी टॉप हुकू नये म्हणून.

रात्री साडेदहाच्या सुमाराला ते बाहेर जायला उठले. हेडलॅम्पच्या उजेडात मला दिसलं की ते डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घालताहेत. बसत नाही म्हणून काढला, पाहिला आणि पुन्हा त्याच हातात घातला. असं चार वेळा. मी आमच्या वाटाड्याला उठवलं. त्याने जमिनीवर काठीने एक सरळ रेघ ओढली आणि त्यांना म्हणाला, दाजू, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच लावत यावरून चाला. तिसऱ्या पावलाला ते कलले.

सकाळची वाट पाहायची नसते हे मला माहीत होतं, तरी माझं मन पाच मिनिटं अडलं, हे मी इथे मोकळेपणाने लिहिते. अंधार, थंडी, ओंडक्यांवर गोठलेलं पाणी. त्यात झोंगरीहून छोक्याकडे निघालं की आधी देउरालीचा चढ लागतो, मग उतार. वाटाड्या म्हणाला, दिदी, बिस्तारै (हळूहळू) जाऊ, पण आत्ता जाऊ. त्याने आणि आणखी एकाने दोन्ही बाजूंनी त्यांना धरलं, मी मागे. फेदांगला पोचेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. फेदांगच्या खाली, ओंडक्यांच्या वाटेवर, त्यांनी पहिल्यांदा आपणहून विचारलं की किती वाजले. पहाटे छोक्याला स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून त्यांनी दोन वाट्या सूप प्यायलं आणि रात्रीचं काही आठवत नाही म्हणाले.

डोकेदुखीची गोळी डोकं शांत करते. शरीर जे सांगत असतं ते मात्र झाकून ठेवते. गोळी घ्या, पण घेतली हे म्होरक्याला सांगा आणि त्या दिवशी वर जाऊ नका. डोकेदुखीबरोबर उलटी, तोल जाणं, असंबद्ध वागणं, किंवा स्वस्थ बसलेलं असताना धाप आणि खोकला, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी खाली. हेलिकॉप्टर हाक मारली की येत नाही. तिथे खाली नेणारी गोष्ट म्हणजे माणसाचे पाय, नाहीतर माणसाची पाठ.

प्रश्न : मी २२ वर्षांची आहे. मला हा ट्रेक एकटीने करायचा आहे. वाटाड्या आणि एजन्सी कशाला, असं वाटतं. वाट मळलेली आहे, फोनमध्ये नकाशा आहे. (नाशिक)

तुझी इच्छा मला पूर्ण समजते. पण या उद्यानात एकट्याने, वाटाड्याशिवाय जायची परवानगी नाही. परवाना काढावा लागतो, त्याला ओळखपत्राच्या प्रती आणि फोटो लागतात, आणि तो नोंदणीकृत एजन्सीमार्फतच होतो. युक्सोमला चौकीवर नोंद होते, सामानातल्या प्लॅस्टिकचीही. फोनचा नकाशा ठेव, पण युक्सोमच्या पुढे नेटवर्क धरून चालू नकोस. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र नेऊ का, असं पुढच्या पत्रात विचारशील म्हणून आत्ताच सांगते : भारतात सॅटेलाइट फोन आणि तशी यंत्रं परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे. त्यामुळे कुणाला निरोप द्यायचा तर तो माणसाच्या पायांनीच जातो. वाटाड्या लागतो त्याचं खरं कारण हे.

तेव्हा एकटी नाही, पण थोड्या माणसांत जा. एक वाटाड्या, एक स्वयंपाकी आणि तू, असंही जाता येतं. खर्च जास्त येतो. किंवा दोघी-तिघी जमवा.

एजन्सी निवडताना बहुतेक जण जेवणाला काय असेल आणि तंबू कसे आहेत ते विचारतात. तू हे विचार : बरोबर येणाऱ्या माणसांना झोपायला काय आहे? त्यांचे तंबू, त्यांच्या झोपायच्या पिशव्या, पावसाळी कपडे कोण देतं? एक माणूस किती किलो उचलतो? त्यांचा विमा आहे का? थांबायचा दिवस वाढला तर त्यांना त्या दिवसाची मजुरी मिळते का? हा शेवटचा प्रश्न तर नक्की विचार. जिथे वाढीव दिवसाचे पैसे मिळत नाहीत तिथे कुणी "आज थांबू या" म्हणत नाही, आणि ते न म्हटलेलं वाक्य पाहुण्याच्या जिवावर येतं. फोनवर या प्रश्नांना उत्तर द्यायला जे चाचरतात, त्यांना आगाऊ पैसे पाठवू नकोस.

प्रश्न : एप्रिल-मे की ऑक्टोबर-नोव्हेंबर? (कोल्हापूर)

फुलं हवी असतील तर एप्रिलचा मध्य ते मेचा मध्य. छोक्याच्या वर ऱ्होडोडेंड्रॉन लाल, गुलाबी, पिवळट पांढरे फुलतात आणि जसजसं वर जाल तसतशी झाडं बुटकी होत शेवटी गुडघ्याएवढी झुडपं उरतात. पण दुपारी ढग येतात आणि समितीच्या वर बर्फ असू शकतो. डोंगर स्वच्छ हवे असतील तर ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य. तेव्हा लामुनेला रात्री पाणी गोठतं आणि पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला साचलेला आपल्याच श्वासाचा हिम अंगावर भुरभुरतो. मी स्वतः ऑक्टोबर निवडते. पावसाळ्यात जाऊ नका. जळवा, दरडी, आणि दहा-दहा दिवस ढगांच्या आत चालणं.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण कुणाला विचारू? वय ४१. ट्रेकच्या तारखांत माझी पाळी येणार आहे. शिवाय सरोवराजवळच्या उघड्या पठारावर प्रातर्विधीचं काय करतात? आमच्या गटाचा म्होरक्या पुरुष आहे. (पुणे)

संकोच वाटून घेऊ नका, हे सामानाच्या यादीइतकंच साधं आहे. उलट ते यादीतच असायला हवं.

पाळी असताना चालायला हरकत नाही. उंचीवर आणि प्रवासाच्या दगदगीत तारीख मागेपुढे होते, तेव्हा आठ दिवसांनी येणार असली तरी तयारी पहिल्या दिवसापासून पाठीवरच्या पिशवीत ठेवा, झोवर लादलेल्या सामानात नाही. ते सामान संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर आपल्या डॉक्टरांशी बोला आणि उंचीवर जातोय हे सांगा. काही गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

वापरलेलं पॅड तिथे पुरायचं नाही, जाळायचंही नाही. थंडीत ते कुजत नाही आणि जनावरं उकरतात. मी जाड काळी पिशवी नेते, आत वर्तमानपत्राचे तुकडे आणि दोन चमचे खायचा सोडा. सोड्याने वास दबतो. ही पिशवी युक्सोमपर्यंत आपल्याबरोबर परत येते. कपची सवय असेल तर उत्तम, पण सवय घरी करून घ्या. सकाळी कोमट पाण्याची एक बाटली स्वयंपाकघरातून मागून घ्यायची. कशाला, हे सांगावं लागत नाही.

मुक्कामाच्या जागी शौचालयाचा तंबू असतो. वाटेत गरज पडली तर पाण्यापासून किमान ६० मीटर, म्हणजे मोजून ऐंशी-नव्वद पावलं दूर जायचं, वीतभर खोल खड्डा करायचा आणि नंतर मातीने बुजवायचा. कागद पिशवीत परत. समिती सरोवर तिथल्या लोकांसाठी पवित्र आहे, त्याच्या काठावर मुक्काम करू देत नाहीत. त्या उतारावर तर मुळीच नको. लामुनेहून पहाटे तीनला निघायच्या आधी सगळं उरकून घ्या. ऊब आलेल्या पिशवीतून उठणं जिवावर येतं, तरी.

म्होरक्याला मात्र सांगा. तपशील नको, "मला अधूनमधून पाच मिनिटं मागे थांबावं लागेल, बरोबर एक बाई थांबेल" एवढं पुरे. मागे कोण आहे हे त्याला माहीत असायलाच हवं. आणि पाणी कमी पिऊ नका. उघड्यावर जावं लागू नये म्हणून दिवसभर तहान मारणाऱ्या बायका मी प्रत्येक ट्रेकला पाहते. संध्याकाळी त्यांचं डोकं धरतं, आणि ते पाणी कमी पडल्यामुळे आहे की उंचीमुळे, हे कुणालाच ओळखता येत नाही.

प्रश्न : वय ६४, निवृत्त. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, नियंत्रणात आहे. रोज तासभर सपाटीवर चालतो. मुलगा म्हणतो, आता हे वय नाही. ऑक्टोबरला सात महिने आहेत. काय तयारी करू? बूट जुनेच चांगले आहेत, ते चालतील का? (सातारा)

आधी बुटांचं सांगते. जुने म्हणजे किती जुने? सहा-आठ वर्षं कपाटात असतील तर वरून नवे दिसले तरी तळव्याचा मधला थर आतून भुसभुशीत झालेला असतो, न वापरताही. माझ्या एका सोबतिणीच्या बुटाचा तळवा साचेनच्या अलीकडे अख्खा सुटून आला, जिभेसारखा लोंबत. आम्ही तो तंबूच्या दोरीने बांधला आणि ती तशीच छोक्यापर्यंत गेली, तिथून परत. आज संध्याकाळी बूट काढा आणि दोन्ही हातांनी वाकवून, तळव्याला अंगठ्याने जोर लावून बघा. भेग दिसली किंवा भुगा पडला तर नवे घ्या, आणि आत्ताच घ्या, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत ते तुमच्या पायाचे होतील.

वयाचं म्हणाल तर उंचीचा आजार वयाकडे बघत नाही. उलट तरुण माणसं घाई करतात म्हणून जास्त अडकतात. साठी ओलांडलेली माणसं हळू चालतात आणि थांब म्हटलं की थांबतात. वाटाडे त्यांच्यावर खूश असतात. प्रश्न हृदयाचा आहे. हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, "४,००० मीटरवर चार-पाच रात्री झोपणार आहे" हे याच शब्दांत सांगा आणि ते म्हणतील ती तपासणी करून घ्या. रक्तदाबाची गोळी तिथे तशीच ठेवायची की बदलायची, तेही त्यांनाच विचारा. काही गोळ्यांनी लघवी वाढते, आणि उंचीवर ती आधीच वाढलेली असते. त्यांनी नको म्हटलं तर नको, आणि मग मुलावर रागावू नका.

हो म्हणाले तर सपाटीवरचं चालणं तेवढंच राहू द्या आणि आठवड्यातून तीन दिवस जिने चढा. तुमच्याकडे तर अजिंक्यतारा आहे, यवतेश्वरचा घाट आहे. पहिला महिना रिकाम्या पाठीने, मग दर महिन्याला पिशवीत एक लिटरची एकेक बाटली वाढवत सहा-सात किलोपर्यंत जा. चढताना एवढ्याच वेगाने चढायचं की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग जास्त झाला. जूनपासून महिन्यातून एकदा लागोपाठ दोन दिवस चढा. पहिल्या दिवशी कुणीही चढतं, दुसऱ्या सकाळी दुखऱ्या मांड्यांनी चढता येतं का ते बघायचं असतं. उतरताना दोन काठ्या वापरा. छोक्याहून खाली प्रेक चूच्या पुलापर्यंतचा उतार गुडघे धरतो. पावसाळ्यात घाटात निसरडं असेल तर इमारतीचा जिना चालेल. चढताना पायऱ्या मोजू नका, श्वास मोजा : दोन पायऱ्यांना एक श्वास आत, दोनला एक बाहेर. झोंगरीच्या चढावर एका पायरीला एक होईल, तेव्हा घाबरू नका, तिथे तो तसाच असतो.

सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा पत्र पाठवा. सहा किलो घेऊन लागोपाठ दोन दिवस अजिंक्यतारा झाला की नाही एवढंच त्यात लिहा. झाला असेल तर छोक्याच्या दोन रात्री, झोंगरीच्या दोन रात्री आणि एक मोकळा दिवस धरून तुमचा आराखडा आपण एकत्र बसवू.